कर्जात नाव, चनोतवर नाही

रत्नागिरी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

जहाज सिंगापूरला लागल्यावर तू केलेला फोन आणि पाठोपाठ सूनबाईने पाठवलेले थायलंडमधल्या श्रीराचाच्या घराचे कागद असे दोन्ही एकाच दिवशी पोचले. तुझ्या आईला मागच्या बाजूचे उघडे स्वयंपाकघर फार आवडले. फोडणीचा ठसका घरात येणार नाही, हे तिच्या लगेच लक्षात आले. मी मात्र फोटो बाजूला ठेवून आधी कागद उघडले. आयुष्यभर बँकेच्या कर्जविभागात काढलेल्या माणसाची ही खोड आता जाणार नाही. साठ चौरस वा (‘वा’ हे थाई माप) जमीन, म्हणजे चौरस वाचे चार चौरस मीटर धरून आपल्या हिशेबाने साधारण 2.4 गुंठे, त्यावर दुमजली घर आणि किंमत 45 लाख बाट. घराबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला बोलायचे आहे ते कर्जाबद्दल आणि त्याहून अधिक तुला करावयाच्या एका सहीबद्दल.

थायलंडच्या 1954 च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला सर्वसाधारणपणे जमीन घेता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. इमारतीतील एकूण क्षेत्राच्या 49 टक्क्यांपर्यंतचे फ्लॅट परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतात, पण तुम्हाला अंगण हवे आहे, तेव्हा तो मार्ग इथेच संपतो. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई बाईला जमीन घेण्यात पूर्वी मोठी अडचण येत असे. 1999 पासून ती दूर झाली, पण एका अटीवर. नवराबायको दोघांनी जमीन कार्यालयात असे लिहून द्यायचे की खरेदीचे पैसे थाई जोडीदाराच्या वैयक्तिक मालकीचे आहेत. त्यांच्या कायद्यात लग्नानंतर मिळवलेल्या सामाईक मालमत्तेला सिन सोमरोत आणि वैयक्तिक मालमत्तेला सिन सुआन तुआ म्हणतात. लग्नाआधीचे जे असेल ते, तसेच लग्नानंतर वारशाने किंवा भेट म्हणून एकट्याला मिळालेले जे असेल ते वैयक्तिक. आपल्याकडच्या स्त्रीधनाच्या कल्पनेशी ते बरेच जुळते. फरक इतकाच की तिथे नवऱ्याचेही तसे वेगळे धन असते.

मागल्या वर्षी आम्ही आलो होतो तेव्हा विहीणबाईंनी कपाटातून त्यांच्या जमिनीचे चनोत, म्हणजे मालकीहक्काचा सरकारी कागद, काढून दाखवले होते, ते तुला आठवत असेल. वर लाल गरुडाची मुद्रा, मधोमध जमिनीचा नकाशा आणि मागच्या बाजूला रकाने आखून एकाखाली एक लिहिलेल्या नोंदी. कोणी कोणाला विकली, केव्हा गहाण ठेवली, केव्हा सोडवली, सगळे त्या एका कागदाच्या पाठीवर. सूनबाई बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवत होती आणि मी त्यांचे बौद्ध साल ऐकले की इसवी सनासाठी मनातल्या मनात 543 वजा करत होतो. आपल्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो तसाच तिथे बँकेचा बोजा त्या मागच्या रकान्यात चढतो, आणि कर्ज फिटेपर्यंत मूळ कागद बँकेकडे राहतो. मालक म्हणून तुझे नाव त्या कागदावर येणार नाही. हे कमीपणाचे आहे असे मला वाटत नाही. तो त्या देशाचा कायदा आहे, आणि घर सूनबाईच्या नावावर झाल्याने माझी झोप उडणार नाही. मात्र बँकेने तुला सहकर्जदार केले तर कर्ज पूर्णपणे तुझेही असेल आणि घर मुळीच तुझे नसेल, एवढे डोळे उघडे ठेवून समजून घे.

खरी गोम पुढेच आहे. बँक तुझा डॉलरमधला पगार मोजून कर्ज देणार, हप्ते तुझ्या पगारातून जाणार, आणि त्याच व्यवहारात तू जमीन कार्यालयात लिहून देणार की हे पैसे माझे नाहीत, आम्हा दोघांचेही नाहीत, एकट्या बायकोचे आहेत. लग्नानंतरचा पगार त्यांच्या कायद्याने सामाईक ठरतो. म्हणजे एका टेबलावर तुझी मिळकत दाखवायची आणि दुसऱ्या टेबलावर त्याच मिळकतीचा संबंध नाकारायचा. सगळेच असे करतात, असे तुझा मित्र म्हणाला खरा. मी उभ्या आयुष्यात ज्या बुडीत खात्यांच्या फायली पाहिल्या, त्यातल्या निम्म्यांवर याच वाक्याने सह्या झाल्या होत्या. एक लक्षात घे, ती सही नुसती औपचारिक नाही. उद्या तुमचे पटले नाही तर जमिनीच्या किमतीतला अर्धा वाटा मागायची तुझी वाट त्याच कागदाने अडेल. मी तुमच्या संसाराविषयी अशुभ चिंतीत नाही. सही करताना तू देऊन टाकतो आहेस हे तुला कळलेले असावे, आणि जे लिहून देतोस ते शक्य तितके खरे असावे, इतकेच मला हवे आहे.

ते खरे करण्याचा एक मार्ग मला दिसतो. सूनबाईने लग्नाआधी साठवलेले पाच लाख बाट तिच्या वेगळ्या खात्यात आहेत, असे तीच म्हणाली होती. ते निःसंशय तिचे. त्यात आम्ही भर घालतो. माझ्या निवृत्तीच्या पैशांतून आणि तुझ्या आईच्या ठेवींतून मिळून 15 लाख रुपये आम्ही पाठवणार आहोत, पण ते तुला नव्हे, थेट सूनबाईला, तिच्या एकटीच्या खात्यावर आणि भेटपत्रासह. भेट म्हणून तिला मिळालेले पैसे तिचे वैयक्तिक ठरतील आणि निदान आगाऊ भरायच्या रकमेपुरती तरी तुझी सही अक्षरशः खरी होईल. भेटपत्रात ‘आमच्या सुनेस, तिच्या स्वतःच्या मालकीसाठी’ असे स्पष्ट लिहू आणि त्याचा थाई अनुवाद तिथल्या वकिलाकडून करून घे.

परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, तिच्या जवळपासही आपण जात नाही. सध्या भेटीसाठी वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. म्हणून साडेसात लाख माझ्या खात्यातून आणि साडेसात तुझ्या आईच्या खात्यातून जातील. आईला परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-टू फॉर्मवर सही करायला शाखेत यावे लागेल असे सांगितले, तर ती म्हणाली, सुनेला द्यायचे तर सही माझीच पहिली. आणखी एक बारीकसा नियम आहे. सुनेला भेट दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न आपल्याकडे सासूसासऱ्यांच्या उत्पन्नात धरले जाते. तुम्ही तिथे राहणार असल्याने प्रश्न नाही, पण उद्या घर भाड्याने द्यायचे ठरलेच तर आधी मला कळव.

आता उरलेल्या 35 लाख बाटांच्या कर्जाकडे वळतो. पहिला प्रयत्न एकट्या सूनबाईच्या नावावर करा. तिचा पगार शिपिंग एजन्सीतला, दरमहा ठरलेल्या तारखेचा आहे. तिच्या गाडीचा हप्ता मात्र बँक आधी वजा करील, तेव्हा तो शक्य असेल तर अर्जापूर्वी फेडून टाका. एकटीवर एवढे बसत नसेल तर कर्ज कमी करून एखादे वर्ष थांबण्याचाही विचार व्हावा. बँकेने तुला सहकर्जदार घेतल्याशिवाय चालणार नाही असेच म्हटले, तर सही करण्यापूर्वी जमीन कार्यालयातील अधिकाऱ्याला आणि वकिलाला तोच प्रश्न सरळ विचारा की कर्जात नवरा असताना त्या जबाबाचा मसुदा कसा असावा. विचारण्यात संकोच नको. कोणाच्या तरी नावाने कंपनी काढून जमीन घेण्याचा जो मार्ग लोक सुचवतात, त्याकडे मात्र ढुंकूनही पाहू नकोस. नावापुरते थाई भागधारक उभे करणे तिथे गुन्हा आहे.

तुझी मिळकत दाखवायची वेळ आली तर तिथला अधिकारी तुझ्या खात्याची पाने उलटताना नेमका कुठे थांबेल, हे मी सांगू शकतो, कारण मीही तिथेच थांबलो होतो. फार वर्षांपूर्वी गुहागरकडचा एक बोसन, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, माझ्याकडे घराच्या कर्जाला आला होता. सात महिने भरघोस पगार आणि पुढचे चार महिने खाते कोरडे. मला नियमाने लागोपाठच्या पगारपावत्या हव्या होत्या, त्याच्याकडे त्या नव्हत्या, आणि मी फाइल परत केली. साइन ऑफ झाल्यावर, म्हणजे करार संपून बोटीवरून उतरल्यावर, खलाशाचे खाते कोरडे पडते, पण म्हणून त्याची नोकरी गेलेली नसते, हे मला तू बोटीवर गेल्यानंतर समजले. तो माणूस पुढे सावकाराकडे गेल्याचे ऐकले होते. म्हणून तू केवळ चालू करारपत्र देऊन थांबू नकोस. गेल्या तीन वर्षांचे सर्व करार, प्रत्येकाच्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या नोंदी असलेली सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेची, पाने आणि वेतनाच्या पावत्या एका क्रमाने लाव. वरती एक पानभर तक्ता जोड, ज्यात एकूण मिळकत छत्तीस महिन्यांवर सरासरी काढून दाखवलेली असेल. अधिकाऱ्याला स्वतः बेरीज करावी लागली की त्याचा कल नकाराकडे झुकतो. हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरे असे की तुझा पगार इथे एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात रुपये होऊन पडतो. थाई अधिकाऱ्याच्या दृष्टीने ते दूरच्या देशातले परक्या चलनातले आकडे आहेत. घरखर्चाची अलॉटमेंट, म्हणजे कंपनी पगारातून परस्पर घरी पाठवते तो भाग, आतापासूनच थेट थायलंडमधल्या खात्यावर, दर महिन्याला सारखीच आणि त्याच सुमारास जाऊ दे, म्हणजे अर्जाच्या वेळी निदान वर्षभराची सलग रेघ दिसेल. डॉलरचे रुपये आणि रुपयांचे बाट असा दुहेरी तोटाही वाचेल. एक पथ्य मात्र पाळ. वर्षातून 180 दिवस तिथे राहिलास तर तू तिथला करनिवासी होतोस, आणि 2024 पासून कमावलेले परदेशी उत्पन्न अशा माणसाने देशात आणले की त्यावर कर लागू शकतो. तेव्हा दिवस मोजत जा. इकडच्या अनिवासी दर्जासाठी मोजतोसच.

व्याजाबद्दल थोडक्यात. तिकडे बहुधा पहिली तीन वर्षे दर कमी आणि ठरलेला असतो, पुढे तो बँकेच्या एमआरआरशी, म्हणजे तिच्या बदलत्या मूळ दराशी, बांधला जातो. 35 लाखांचा तीस वर्षांचा हप्ता 4 टक्क्यांनी सुमारे 16,700 बाट होतो आणि 6 टक्क्यांनी सुमारे 21,000. दुसरा आकडा झेपत असेल तरच पहिल्यावर सही करा. तीन वर्षे भरताच दर कमी करून घ्यायला किंवा बँक बदलायला विसरू नका. गहाणखताच्या नोंदणीला कर्जाच्या एक टक्का, म्हणजे 35,000 बाट, आणि हस्तांतरणाला सरकारी मूल्यांकनाच्या दोन टक्के शुल्क धरून ठेवा. सरकार अधूनमधून त्यात मोठी सूट देते, तेव्हा नोंदणीच्या आधी चौकशी करा.

कर्जासोबत बँक विमा सुचवील. तो बहुधा कर्जदाराचा, म्हणजे सूनबाईचा असेल, पण पैसे आणणारा समुद्रावर आहे. तुझ्या जिवाचाही तितक्याच रकमेचा विमा हवा, आणि त्यात बोटीवरचे काम वगळलेले नाही याची खात्री करून घे. आणखी एक कटू गोष्ट लिहितो. सूनबाईचे काही बरेवाईट झाले तर वारस म्हणून जमीन तुझ्याकडे येईल, पण परदेशी असल्याने ती तुला ठेवता येणार नाही, वर्षभरात विकावी लागेल. पुढे मुले झाली तर ती थाई नागरिक म्हणून जमीन धारण करू शकतील. तोवर दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवा. राहण्याचा तहहयात हक्क चनोतवर नोंदवता येतो, पण गहाण असेपर्यंत बँक तो चढू देईल असे मला वाटत नाही, आणि नवराबायकोतला असा करार पुढे दोघांपैकी कोणीही रद्द करू शकतो. त्यावर फार भिस्त ठेवू नकोस.

हे पत्र सूनबाईला तू स्वतः समजावून सांग, भाषांतराच्या अ‍ॅपमधून नको. विशेषतः भेटपत्राचा भाग. नाहीतर सासऱ्यांना आपल्यावर भरवसा नाही असा नेमका उलटा अर्थ तिच्या मनात राहायचा. तिचे नाव बँकेच्या खात्यावर इंग्रजीत ज्या अक्षरांत आहे ती अक्षरे आणि खात्याचा तपशील तिच्याच हस्ताक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवायला सांग. पुढच्या सोमवारी मी आणि तुझी आई शाखेत जाणार आहोत.

नोंदणी झाली की चनोतच्या मागच्या बाजूचाही फोटो पाठवा. बोजाची ओळ मला वाचता येणार नाही, पण ती कुठे चढली आहे हे बघायचे आहे.

तुझा,
बाबा