सूचना : मॅरेथॉनची नावनोंदणी आणि पुढचा सराव

सर्व सभासदांना नमस्कार,

मॅरेथॉनची नावनोंदणी सुरू झाली की जागा भराभर भरतात. पूर्ण मॅरेथॉन (४२.१९५ किमी) धावू इच्छिणाऱ्यांनी या रविवारच्या सरावानंतर थांबावे, सगळ्यांचे अर्ज एकत्र बसून भरू.

सोबत आणा : ओळखपत्र, आधीच्या शर्यतीचे वेळेचे प्रमाणपत्र, रक्तगट आणि घरच्यांचा संपर्क क्रमांक. अर्जातले नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहा.

एक नियम सक्त आहे. आपला बिब (छातीवर लावायचा धावपटूच्या क्रमांकाचा कागद) दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचा घेऊन धावू नका. वाटेत कोणी कोसळले तर डॉक्टर उपचारासाठी बिबवरच्या माहितीचाही आधार घेतात. ती भलत्याचीच असली तर जिवावर बेतू शकते.

सरावाचे म्हणाल तर निदान १६ आठवडे हातात हवेत. लांब पल्ल्याची धाव हळूहळू ३० ते ३२ किमीपर्यंत न्या, आणि ती सावकाशच धावा, शेजारच्याशी बोलता येईल इतकी. शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचे आहे. तेव्हा राहिलेला सराव भरून काढायला जाऊ नका, पाय दमतात आणि हाती काही लागत नाही.

- शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे एनर्जी जेल (धावताना ताकदीसाठी खायचे घट्टसर गोड मिश्रण) नको.
- पाणी तहानेनुसार प्या. अति पाण्याने रक्तातले सोडियम घटते.
- ताप असेल किंवा छातीत दुखत असेल तर धावू नका.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी अर्जाआधी डॉक्टरांना भेटावे. पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे, सोबतीला जुना धावपटू देऊ.