ज्यांची घरे आपण मनातच बांधली

ठाणे (पश्चिम),
आषाढी अमावास्या

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तारखेच्या जागी अमावास्या पाहून हसू नकोस, ती मी मुद्दाम साधलेली नाही. गेल्या महिन्यात नौपाड्यातले आमचे जुने घर रिकामे करून बिल्डरच्या ताब्यात दिले. तेव्हा माळ्यावरची ट्रंक उपसताना नववीतली एक वही सापडली, जिच्या शेवटच्या पानावर आपण दोघांनी भयकथाकार नारायण धारपांचे घर काढले होते. दुमजली वाडा, मागे विहीर, विहिरीवर वाकलेला पिंपळ आणि वरच्या खिडकीत एकच कंदील. कठड्यावरची मांजर तुझी. मला मांजर कधीच साधली नाही. मराठी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तक आणायचे, चादरीखाली बॅटरीच्या उजेडात ते संपवायचे आणि ज्याने आपली झोप उडवली तोही रात्रभर जागाच असणार, असे धरून चालायचे. धारप पुण्यात राहतात एवढे आपल्याला ठाऊक होते. पण पुण्यात राहणाऱ्या माणसाला दूधवाल्याचा हिशेबही चुकता करावा लागतो, ही गोष्ट त्या चित्रात कुठेच बसत नव्हती.

वही हाती आल्यापासून मला असल्या कथा लिहिणाऱ्यांची घरे पुन्हा मनात मांडण्याचा छंद लागला आहे. मात्र आता कंदील काढून टाकून. रत्नाकर मतकरींनी बँक ऑफ इंडियात जवळजवळ वीस वर्षे नोकरी केली. ज्यांची गूढकथा वाचल्यावर मी जिन्यातला दिवा लावल्याशिवाय वर जात नसे, ते दिवसा कोणाच्या तरी खात्यातली जमा-नावे ताडून पाहत असतील, हे मला आज भुतापेक्षा अधिक विलक्षण वाटते.

पण मन खरे रमते ते अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टच्या घरात. घरांत म्हणायला हवे. त्याचा जन्म १८९० साली प्रॉव्हिडन्समध्ये, आईच्या माहेरच्या प्रशस्त घरात झाला. १९०४ मध्ये आजोबा गेले आणि पाठोपाठ ते घरही सुटले. १९२४ मध्ये लग्न करून तो न्यूयॉर्कला गेला आणि वर्षभरातच ब्रुकलिनमधल्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या एका खोलीत एकटा राहू लागला, कारण पत्नीची नोकरी परगावी होती. १९२५ च्या मे महिन्यात चोरांनी त्या खोलीतून त्याचे सूट पळवले. विश्वाच्या अथांग पोकळीतली दैवते कल्पिणारा हा माणूस पुढे कितीतरी दिवस स्वस्त सूट शोधत दुकानांचे उंबरे झिजवत होता. आपल्याकडची पेइंग गेस्ट राहणारी मुले आईला फोनवर 'जेवलो' एवढेच सांगतात, काय जेवलो ते शिताफीने टाळतात. हा मात्र डबाबंद बीन्सचा, पावाचा आणि चीजचा सगळा हिशेब मावशीला पत्रातून कळवी, आणि काटकसरीचा त्याला चक्क अभिमान होता. त्या शहरातल्या परदेशी गर्दीची त्याला वाटलेली किळस पत्रांतून आणि कथांतूनही उघडी पडते. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर त्याला उभे केले असते, तर तुझ्या-माझ्याविषयी त्याने काय लिहिले असते हे सांगायला नको. हे मी त्याला माफ करत नाही आणि तरी त्याच्या खोलीत डोकावणे काही थांबवत नाही.

१९२६ मध्ये तो प्रॉव्हिडन्सला परतला. त्याची शेवटची चार वर्षे, १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, धाकट्या मावशीबरोबर कॉलेज स्ट्रीटवरच्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर गेली. शेजारी ब्राउन विद्यापीठाचे 'जॉन हे' नावाचे ग्रंथालय होते, ज्यात आज त्याची हस्तलिखिते आहेत. टेबलाशी पश्चिमेची खिडकी, तिच्यातून दिसणारी शहराची छपरे आणि सूर्यास्त. टेबलावर बहुधा दुसऱ्याच कोणाचे तरी हस्तलिखित, कारण पोटापाण्यासाठी तो इतरांचे लेखन सुधारून देत असे. जवळच्या शेडच्या छपरावर जमणाऱ्या मांजरांना त्याने विद्यार्थी-मंडळाच्या धर्तीवर 'कापा आल्फा टाऊ' असे ग्रीक अक्षरांचे नाव दिले होते. (तुझी मांजर योग्य घरी पोचली म्हणायची.) १९५९ मध्ये ती जागा हवी होती, तरी ते घर न पाडता अख्खे उचलून प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर नेऊन ठेवले. हे वाचले तेव्हा आमच्या पुनर्विकासाच्या सभा आठवल्या. तिथे दोन वर्षे कार्पेट एरियावर भांडणे झाली, पण घर उचलून येऊरच्या पायथ्याशी ठेवावे असे सुचवणारा एकही माणूस निघाला नाही.

अद्भुतकथा लिहिणारा लॉर्ड डन्सनी तेवढा आयर्लंडमधल्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात राहिला आणि पिसाच्या लेखणीने लिहीत असे. त्याच्या बाबतीत कल्पना करायला काही उरत नाही, म्हणून मी तिथे फारसा रेंगाळत नाही. त्यापेक्षा कथाकार क्लार्क ॲश्टन स्मिथ जवळचा वाटतो. आपले ग्रंथसंग्रहालय ज्या १८९३ साली सुरू झाले त्याच साली तो कॅलिफोर्नियात जन्मला. ऑबर्न गावाबाहेरच्या, वडिलांनी बांधलेल्या लाकडी घरात त्याचे बहुतेक आयुष्य गेले. हायस्कूलला न जाता त्याने शब्दकोश आणि विश्वकोश पानोपान वाचून काढले, फळबागांत मजुरी केली, लाकडे फोडली आणि थकलेल्या आईवडिलांची सेवा करता करता दूरच्या ग्रहांच्या आणि मेलेल्या राज्यांच्या कथा लिहिल्या. आई १९३५ मध्ये गेली, वडील १९३७ मध्ये. त्यानंतर त्याच्या कथा जवळजवळ आटल्या. मोकळा वेळ मिळाल्यावर लेखन वाढायला हवे होते, असे कोणीही म्हणेल. बाबांच्या आजारपणाची तीन वर्षे काढल्यानंतर मी ते म्हणणार नाही. औषधांच्या वेळा, बेडपॅन, रात्री तीनला आलेली हाक, यांच्या फटीत जे वाचन होत होते ते आता रिकाम्या संध्याकाळी होत नाही.

स्मिथ आणि लव्हक्राफ्ट यांची पंधरा वर्षे पत्रमैत्री होती, पण प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही. टेक्सासमधल्या लहानशा खोलीत टाइपरायटरवर वाक्ये मोठ्याने म्हणत लिहिणारा कथाकार रॉबर्ट हॉवर्डही लव्हक्राफ्टला पत्रातूनच भेटला. म्हणजे आपण वहीत जे केले तेच हे लोक जन्मभर एकमेकांच्या बाबतीत करत होते. लव्हक्राफ्ट तर आपल्या खोलीचा आराखडा काढून मित्रांना पाठवी: टेबल इथे, कपाट इथे. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींचेही तसेच, धारवाडला लोकांपासून दूर राहणाऱ्या त्या माणसाचे दार पत्रांत मात्र उघडे असे.

ठाणे ते खारघर म्हणजे काही प्रॉव्हिडन्स ते ऑबर्न नव्हे; पनवेल लोकल थेट आहे. तरी तुझे नवे घर तीन वर्षांत मी पाहिलेले नाही, आणि फोनवर तू 'टू बीएचके, ईस्ट फेसिंग' एवढेच सांगतोस. तेव्हा एका कागदावर आराखडा काढून पाठव. टेबल कुठे, धारपांची पुस्तके कोणत्या कप्प्यात, खिडकीतून डोंगर दिसतो की समोरच्या टॉवरचे पाइप, सगळे दाखव. मी येईनच, पण आधी तो कागद हवा. वहीतले ते पान सोबत जोडले आहे. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली आहे, मूळ तुझे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वाडा आणि विहीर काढणारा