त्या रकान्यात तू स्वतःचं नाव लिहिलंस

प्रिय बाळ,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण गप्पही बसवत नाही. तुझ्या निवाऱ्यातली मांजर, बायजा, माझ्या घरी येऊन आज 21 दिवस झाले आणि त्या दुपारची आठवण निघाली की अजून माझा गळा दाटून येतो.

माझी मनी 16 वर्षांची होऊन गेली. म्हाताऱ्या मांजरांना होतो तसा तिला मूत्रपिंडाचा आजार झाला होता. शेवटचे पाच महिने मी तिला दिवसाआड घरीच सलाइन दिलं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी वर उचलायची आणि सुई आत घालायची. पहिल्यांदा माझे हात इतके थरथरले की डॉक्टरांनीच माझं मनगट धरलं. नंतर जमायला लागलं. ती गेल्यावर घरात सकाळी सहा वाजता मला उठवणारं कुणी राहिलं नाही. हे जाऊन नऊ वर्षं झाली, लेक बंगळुरूला.

म्हणून पुन्हा मांजर आणायचं ठरवलं. विकत आणायचं नव्हतं. एवढी मांजरं निवाऱ्यात पिंजऱ्यांत बसून असताना पैसे मोजून कशाला आणायचं? मला पिल्लू नकोच होतं. मोठी, कुणी नेत नाही अशी मांजर द्या, असं मी प्रत्येक फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

तीन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी त्या मुलीने वर न बघताच विचारलं, "वय?" मी 68 म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं. दुसरीकडे घराचे, खिडक्यांचे, गच्चीच्या दाराचे फोटो मागवले, व्हिडिओ मागवला, सोसायटीचं पत्र मागवलं. सगळं पाठवलं. दीड महिन्याने मेसेज आला, ज्येष्ठ नागरिकांना आम्ही पिल्लं देत नाही. पिल्लू मागितलंच नव्हतं गं मी! फॉर्म कुणी वाचलाही नव्हता. तिसरीकडे म्हणाले, तुमच्यानंतर मांजर कोण सांभाळणार त्याचं नाव द्या. लेकाचं दिलं, तर पुण्यातलंच माणूस हवं म्हणे.

त्यांची अडचण मला कळते. उन्हाळा लागला की पिल्लांनी भरलेली खोकी लोक त्यांच्या फाटकाशी ठेवून जातात. हौसेने नेलेली मांजरं महिन्याभरात परत येतात, जाळी नसलेल्या खिडकीतून पडून मरतात. चौकशी करायलाच हवी. मांजर घरात नीट सांभाळली तर 15-16 वर्षं जगते, तेव्हा माझ्या वयाचा हिशेब होणारच. पण जिने मरत्या मांजरीला पाच महिने सुया टोचल्या, तिला आत बोलावून एक प्रश्न तरी विचारावा की नाही? "तुम्ही आता चालणार नाही" हे दारातच उभं ठेवून ऐकवायचं? त्या रात्री मी जेवले नाही.

मग तुझ्याकडे आले. खरं सांगते, रडायची तयारी करूनच आले होते. पत्र्याची शेड, फिनेलचा वास, तुझ्या बोटांवर बीटाडिनचे पिवळे डाग आणि मनगटावर ओरखडेच ओरखडे. मनीचं ऐकून तू विचारलंस, "काकू, सलाइन कोमट करून द्यायचात का?" मी हो म्हटलं. तू मान हलवलीस. एवढंच.

फॉर्म भरता भरता तो रकाना आला. तुमच्यानंतर जबाबदारी कोणाची? माझा हात थांबला. तू माझ्या हातातून पेन घेतलंस. ते उठेना, म्हणून तळहातावर दोन रेघा ओढून बघितल्यास. मग त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलंस, फोन नंबर लिहिलास, सही केलीस. फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणालीस, "चहा घेणार ना?"

तू त्यावर काही बोलली असतीस तर मी तुला मिठीच मारली असती. तू उठून स्टोव्ह पेटवायला गेलीस.

बायजा सात वर्षांची असेल, असं तू दातांवरून सांगितलंस. नसबंदीच्या ऑपरेशनच्या वेळी खूण म्हणून कापलेलं डाव्या कानाचं टोक, एक डोळा धुरकट. घर बदलताना माणसं तिला जिन्यात सोडून गेली होती. 1960 सालापासून कायदा आहे, जनावराला असं उपाशी मरायला सोडणं गुन्हा आहे. कोण विचारतो?

तिला टोपलीत घालून रिक्षाने आणलं. रिक्षावाल्यानेही प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी अगदी हळू केली. "घाबरली असंल ती," म्हणाला, आणि उतरल्यावर टोपली दुसऱ्या मजल्यापर्यंत आणून दिली. अशी माणसं आहेत, भरपूर आहेत. एकाच दिवशी दोन भेटली आणि तीन महिन्यांचा कडवटपणा धुऊन निघाला.

चार दिवस ती गोदरेजच्या कपाटामागे बसली. तू फोनवर म्हणालीस, एकाच खोलीत ठेवा, बोलवू नका, नजरेला नजर मिळाली तर डोळे हळू मिटा. तसंच केलं. पाचव्या रात्री दोन वाजता वाटीचा आवाज आला. मी अंधारात निजून ती खाताना ऐकत राहिले. काल तिनेही माझ्याकडे बघून डोळे मिटले.

खिडक्यांना जाळी बसली आहे, स्वयंपाकघरातल्या छोट्या झरोक्यालासुद्धा. त्या फॉर्मची झेरॉक्स कपाटात, पासबुकाच्या खाली ठेवली आहे. लेकाला फोनवर जागा सांगितली, तुझं नावही सांगितलं. रविवारी ये. डाव्या डोळ्यात औषध घालताना ती अजून मला हात लावू देत नाही, तू धरशील तर दाखव कसं ते.

तुझी काकू