कपाटामागचे पिल्लू

प्रिय लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू इतक्या हळू आवाजात बोलत होतीस, की प्रथम मला काळजीच वाटली. तीन रात्रींपासून घरात कुठेतरी मांजराचे पिल्लू ओरडते, दिवस उगवला की आवाज बंद होतो, तू ठेवलेली ताटली मात्र सकाळी चाटूनपुसून स्वच्छ असते, आणि आता कपाट पुढे ओढून त्याला बाहेर काढावे असे तुझ्या मनात आहे. कपाट ओढू नकोस. एवढे सांगायला फोन पुरला. पण ते का करू नये आणि त्याऐवजी काय करावे हे नीट सांगायचे, तर मनीची हकीकत मुळापासून सांगावी लागेल, म्हणून हे पत्र.

तुझ्या आठवणीतली मनी अभ्यासाच्या वहीवर अंग पसरून झोपणारी, तुझ्या मांडीवरून उठायला तयार नसणारी. ती घरात आली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि पहिले तीन आठवडे तुला तिचे शेपूटही दिसले नव्हते, हे तुला कुणी सांगितले नसेल. मुसळधार पावसाच्या एका रात्री ती उघड्या राहिलेल्या खिडकीतून आत आली असावी. दुसऱ्या दिवशी आम्हाला केवळ आवाज ऐकू आला, तोही कधी स्वयंपाकघरातून तर कधी माळ्यावरून आल्यासारखा. पिल्लाचा आवाज बारीक आणि उंच पट्टीतला असतो; तो भिंतीवर आपटून फिरतो आणि माणसाच्या कानाला त्याची दिशा कळत नाही.

तेव्हा तुझ्या आईला एक युक्ती सुचली. झोपण्यापूर्वी तिने पिठाच्या चाळणीने फरशीवर पिठाचा पातळ थर भुरभुरवला. सकाळी त्यावर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढे पंजे उमटले होते, चार बोटे आणि मागे एक गादी, नखांची खूण नाही, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. त्या पाऊलखुणा ताटलीपासून सरळ फ्रिजच्या मागे गेल्या होत्या. फ्रिजच्या मागची जागा ऊबदार असते आणि भिजलेल्या पिल्लाला ऊब हवी असते. तू शोधतानाही आधी उबेच्या आणि अंधाराच्या जागा पाहा: फ्रिजची मागची बाजू, सोफ्याच्या तळाचे फाटलेले अस्तर, कपाटाखालची फट, पुस्तकांच्या रांगेमागची पोकळी. रात्री दिवे मालवून विजेरीचा झोत जमिनीलगत फिरवलास, तर त्याचे डोळे हिरवट चमकतील. एक गोष्ट मात्र आजपासूनच कर: धुण्याचे यंत्र चालू करण्यापूर्वी हात घालून आत पाहा आणि घडीचा सोफा उघडण्यापूर्वी खाली वाकून पाहा. या दोन ठिकाणी पिल्ले चिरडतात किंवा गुदमरतात.

आधी त्याच्या आईचा विचार कर. मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, त्यात तथ्य आहे. धोका वाटला की ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते, आणि त्या फेऱ्यांत एखादे मागे राहते. म्हणून आज रात्री खिडकी किंचित उघडी ठेव, तिच्या चौकटीवर पीठ भुरभुरव आणि तू दुसऱ्या खोलीत झोप. सकाळी चौकटीवर मोठे पंजे दिसले, तर आई येऊन जाते असे समज आणि तिला तिचे काम करू दे. आईजवळ वाढणे हे पिल्लाला सर्वांत हिताचे. मोठे पंजे नसतील आणि दोन दिवस वाट पाहूनही कुणी फिरकले नाही, तर ते पिल्लू आता तुझे. त्यानंतर खिडकी लावून घे.

ते ताटलीतले आपले आपण खाते, यावरून ते निदान चार-पाच आठवड्यांचे असणार. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण माणसाळण्याला वयाची मर्यादा असते. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन नव्या प्राण्यांना, आवाजांना, स्पर्शांना सहज आपले म्हणते. पुढे ते दार हळूहळू लोटले जाते. 1980 च्या दशकात अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात काही पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून आणि काहींना सातव्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ हातात घेतले जात असे. ज्यांना आधी हात लागला होता ती पुढे माणसाच्या मांडीवर अधिक वेळ टिकली. म्हणजे तुझ्यापुढचा पेच असा आहे, की घाई केलीस तर ते घाबरेल, आणि आज नको उद्या पाहू म्हणत राहिलीस तर ते रानटी राहील. यातून मार्ग एकच, रोज न चुकता त्याच्याजवळ जायचे, आणि कुठल्याही एका दिवशी फार पुढे जायचे नाही.

हे मला तेव्हा कळले नव्हते. पाचव्या दिवशी मनी फ्रिजमागून बाहेर येऊन खात असताना मी मागून झडप घालून तिला धरले. एवढासा जीव, पण ती अशी उलटली, की दातांचे चार बारीक टोचे माझ्या अंगठ्याच्या मुळाशी रुतले आणि मी हात सोडला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुतली, त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो आणि रेबीजच्या लशीचा पूर्ण क्रम घेतला. तुला ते चावले किंवा बोचकारले, तर जखम कितीही क्षुल्लक दिसो, तूही हेच करायचे, दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नाही. अंगठा आठवड्यात बरा झाला, परंतु मनीने त्यानंतर चार दिवस मी खोलीत असेपर्यंत ताटलीला तोंड लावले नाही. पाच दिवसांत मिळवलेले मी एका क्षणात घालवले होते, आणि ते मला फार लागले.

म्हणून कपाट ओढू नकोस. त्या अंधाऱ्या फटीवर त्याचा सगळा भरवसा आहे. तीच हिरावून घेतलीस, तर तू त्याच्या लेखी शिकारी ठरशील. फार तर त्याला आपणहून एका लहान खोलीत येऊ दे. ताटली रोज हातभर सरकवत न्हाणीघरापर्यंत किंवा एखाद्या रिकाम्या खोलीपर्यंत ने आणि ते आत शिरले की दार हलकेच लाव. मोठ्या घरात भेदरलेले पिल्लू कोपऱ्यातून कोपऱ्यात पळत राहते. लहान जागेत त्याला चार-सहा दिवसांत सगळे पाठ होते. आत एक आडवा खोका ठेव, त्यात तुझा वापरलेला, न धुतलेला सुती कपडा अंथर, म्हणजे झोपेतही त्याला तुझा वास लागेल. दुसऱ्या टोकाला उथळ पसरट खोक्यात वाळू किंवा बारीक माती घाल. ती उकरून झाकायची बुद्धी त्याच्याजवळ उपजतच असते. पाण्याची वाटी खाण्यापासून थोडी दूर ठेव.

खाण्याविषयी. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींत पक्की बसली आहे, तरी गाई-म्हशीचे दूध त्याला देऊ नकोस. त्यातली साखर पिल्लांना नीट पचत नाही, जुलाब होतात, आणि अर्ध्या किलोच्या जिवाला जुलाबाने अंगातले पाणी जायला वेळ लागत नाही. पिल्लांसाठी मिळणारे ओले खाणे दिवसातून चार वेळा थोडे थोडे दे. कांदा-लसूण लागलेले काहीही नको, आणि माणसांच्या तापाची गोळी तर कधीच नको. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

आता बसण्याविषयी, कारण खरे काम तेच आहे. मनी चावल्यानंतर मी रोज सकाळी अर्धा तास आणि रात्री अर्धा तास फ्रिजपासून चार हातांवर जमिनीवर बसू लागलो. उभा माणूस त्यांना फार मोठा दिसतो, म्हणून बसायचे, आणि थोडे पाठमोरे. तिच्याकडे पाहायचे नाही असे ठरवून मी वर्तमानपत्र हलक्या आवाजात वाचत असे. मजकूर कोणताही असो, त्याच वेळी, त्याच जागी, तोच आवाज, आणि आवाज आला की खाणे, हे तिच्या मनात बसायला हवे होते. म्हणून ताटली रात्रभर भरून ठेवणे मी बंद केले. मी बसलो की खाणे, उठलो की ताटली माझ्याबरोबर. पिल्लाला उपाशी ठेवायचे नाही, पण अन्न कुणाच्या सोबतीने येते हे त्याला कळले पाहिजे.

कधी नजरानजर झालीच, तर रोखून पाहू नकोस. डोळे अर्धे मिटून, संथपणे मिचकावून, मान वळव. मी हे तुझ्या आजीला गोठ्यातल्या मांजरांशी करताना पाहिले होते आणि तिची हौस समजत होतो. पुढे 2020 मध्ये ब्रिटनमधील ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले, की माणसाने असे डोळे मिचकावले तर मांजरेही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि पुढे केलेल्या हाताकडे यायला अधिक राजी होतात.

अकराव्या दिवशी मी लांब दांड्याच्या चमच्यावर खाणे घेऊन तो जमिनीलगत पुढे केला. कितीतरी वेळ काही झाले नाही. मग फ्रिजच्या सावलीतून आधी मिशा आल्या, एका मिशीला कोळ्याचे जाळे आणि धूळ लोंबत होती, आणि मग नाक. मांजराला अगदी जवळचे नीट दिसत नाही, ते वासाने आणि मिशांनी चाचपते. तिने चमच्याच्या बाजूला हवेतच दोनदा नाक लावले, आणि मग खाणे सापडले. तिची जीभ चमच्यावर घासू लागली तसा दांडा माझ्या बोटांत थरथरू लागला, कानशीने घासावे तसा खरखरीत. मी श्वास रोखून बसलो होतो. आजही तो थरथराट मला बोटांत आठवतो.

त्यानंतर चमच्याचा दांडा रोज आखूड धरायचा, मग बोटावर, मग तळहातावर. पहिला स्पर्श ते खात असतानाच कर, आणि एका बोटाने, गालाला किंवा हनुवटीखाली. वरून डोक्यावर हात आणू नकोस, कारण झडप वरूनच येते. पोटाला आणि पायांना इतक्यात हात नको. मानगूट धरून उचलणे हे आईचे काम, आपले नाही. उचलायची वेळ आली तर जाड पंचात गुंडाळून, खालून आधार देऊन, छातीशी धर आणि ते धडपडू लागण्याआधी खाली ठेव.

या सगळ्या काळात ते तुझ्यावर फिस्कारेल, पाठीची कमान करेल, शेपटी बाटलीच्या कुंचल्यासारखी फुलवेल. मनाला लावून घेऊ नकोस. फिस्कारणारे पिल्लू रागावलेले नसते, ते भेदरलेले असते. आपण मोठे आहोत असा आव आणण्याखेरीज त्याच्या हाती काहीच नसते. अशा वेळी मागे हटू नकोस आणि पुढेही जाऊ नकोस, होतीस तिथेच बसून राहा. मला सर्वांत अवघड हेच गेले.

हाताळू देऊ लागले की पशुवैद्याकडे ने. सुरुवातीच्या महिन्यांत दर महिन्याच्या वयामागे साधारण 450 ग्रॅम वजन धरतात. 26 दुधाचे दात सहा ते आठ आठवड्यांपर्यंत पूर्ण येतात, त्यावरून ते वय सांगतील. जंतांचे औषध लगेच लागेल, लशी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चालतील, रेबीजची लस सुमारे बाराव्या आठवड्यात. भाटी असेल तर चौथ्या महिन्यापासूनच गाभण राहू शकते, तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख त्याच भेटीत विचारून घे.

ते चार-पाच महिन्यांचे निघाले आणि महिना-दीड महिना बसूनही तुझ्या हाताला लागले नाही, तर त्यात तुझी चूक मानू नकोस. काही मांजरे अंगणातूनच आपली होतात: रोज वेळेवर येतात, खातात, दोन हातांवर बसून अंग चाटतात आणि जातात. तेही नाते आहे. पण तू सांगितलेल्या आवाजावरून तुझे पिल्लू लहान आहे असे मला वाटते, आणि लहान असेल तर ते येईल.

मनी बाविसाव्या रात्री आली. मी वाचत होतो, तुझी आई दारात उभी होती आणि तिने मला हाताने खुणावले, की हलू नका. माझ्या गुडघ्यापाशी काहीतरी टेकले, कागदाच्या घडीएवढे हलके, आणि थोड्या वेळाने तिथून घुरघुर सुरू झाली, मध्येच अडकणारी, पुन्हा चालू होणारी, जणू तिलाच ती नवीन होती. मी ती बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आज रात्री पीठ भुरभुरव, आणि सकाळी खिडकीच्या चौकटीवर कोणते पंजे उमटले ते मला कळव. डोळ्यांचा रंगही पाहून ठेव; अजून निळे असतील तर ते बहुधा सात-आठ आठवड्यांच्या आतले आहे, आणि मग तुझ्या हाती दिवस थोडे आहेत. शनिवारी मी येतो. मी खोलीत येणार नाही, बाहेरच बसेन. सध्या त्याला एकाच माणसाचा आवाज ओळखीचा होऊ दे.

तुझे,
बाबा