टाराच्या टेकडीवर गाईड हवा, कॅसलमध्ये नसला तरी चालेल

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत आयर्लंडच्या कॅसल टूरवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, माहितीही बरी होती, पण आयर्लंडच्या जुन्या राजांची जागा मानली जाणारी टाराची टेकडी वेळ उरला तर बघावी असं जे त्यात म्हटलंय ना, ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र. आम्ही घरचे सगळे गेल्या उन्हाळ्यात अशाच एका ग्रुप टूरने जाऊन आलो आणि आमच्या टूरवाल्यांचंही गणित अगदी हेच होतं, म्हणजे कॅसलमध्ये गाईड, कॅसलमध्ये निवांत वेळ, आणि जिथे पाच-पाच हजार वर्षांच्या जुन्या पवित्र जागा आहेत तिथे मात्र "फोटो काढा आणि अर्ध्या तासात बसमध्ये या". मला वाटतं हे सगळं उलटं पाहिजे.

कारण कॅसल स्वतःच बोलतो हो. ट्रिमचंच घ्या, ह्यू द लेसी नावाच्या, इंग्लंडहून आलेल्या नॉर्मन सरदाराने 1170 च्या दशकात बांधायला घेतलेला, आयर्लंडमधला सगळ्यात मोठा अँग्लो-नॉर्मन कॅसल, मधला बुरुज वीस कोपऱ्यांचा, बाजूने बॉइन नदी वाहतेय. तिथे उभं राहिलं की लहान पोरालाही कळतं की इथे कुणीतरी दांडगा माणूस राहायचा आणि त्याला शेजाऱ्यांची भीती होती. पाट्या आहेत, नकाशे आहेत. आणि गाईड काय सांगतो, तर गोल जिना उजवीकडे वळत का जातो, कारण वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा म्हणून. ही गोष्ट आम्हाला जवळपास प्रत्येक कॅसलमध्ये ऐकवली गेली, नंतर वाचलं तर बऱ्याच इतिहासकारांना ती मान्यच नाही! ब्लार्नी कॅसलचं तर विचारूच नका. 1446 चा तो उंच बुरुज खरंच देखणा आहे, पण लोक येतात ते त्या दगडाला ओठ लावायला, म्हणजे वरच्या मजल्यावर उताणं झोपायचं, लोखंडी दांडे धरायचे, डोकं मागे खाली सोडायचं आणि भिंतीतल्या दगडाचा मुका घ्यायचा, की म्हणे बोलण्यात गोडवा येतो. आमच्या ग्रुपमधल्या ज्यांना याची अजिबात गरज नव्हती तेच रांगेत सगळ्यात पुढे होते. मजा आली, नाही म्हणत नाही, पण त्यासाठी गाईड कशाला लागतो?

आता टारा. बसमधून उतरलात की समोर काय दिसतं? गवत. उंचसखल गवत, दोन-चार गोल चर, एक छोटं टेकाड, मेंढ्या आणि मधोमध उभा एक दगड. आमच्यातले निम्मे लोक पाच मिनिटांत चहा शोधायला गेले, आणि त्यांना दोष तरी कसा देणार, कुणी काही सांगितलंच नाही तर तिथे बघण्यासारखं काहीच नाही. आम्ही काही जण मात्र तिथल्या एका स्थानिक बाईंच्या मागे लागलो, त्या दुसऱ्या एका छोट्या ग्रुपला माहिती देत होत्या, त्यांना विचारून आम्हीही मागे उभे राहिलो, आणि तेवढ्यात त्या गवताचं रूपच बदललं. तो उभा दगड म्हणजे लिया फॉल, आयर्लंडचा खरा राजा त्याला शिवला की तो गर्जना करायचा अशी समजूत. त्याच्या जवळच 1798 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या बंडात पडलेले लोक पुरलेत. ते छोटं टेकाड म्हणजे ओलिसांचा ढिगारा म्हणतात ते, पण ते राजांच्याही कितीतरी आधीचं, इसवी सनाच्या आधी साधारण तीन हजार वर्षांचं थडगं आहे आणि नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचा उजेड त्याच्या आत जातो.

आणि एका चरापाशी थांबून बाईंनी जे सांगितलं ते ऐकून तर आम्ही थक्क झालो. 1899 ते 1902 या काळात काही इंग्रज मंडळी इथे फावडी घेऊन आली, कशासाठी, तर बायबलमधला तो देवाच्या दहा आज्ञा कोरलेल्या पाट्यांचा पवित्र पेटारा टाराला पुरलाय अशी त्यांची ठाम खात्री होती! ब्रिटिश लोक म्हणजे इस्रायलच्या हरवलेल्या जमातींचे वंशज असं मानणारा हा पंथ. त्यांनी खणखण खणलं, पेटारा अर्थातच मिळाला नाही, पण प्राचीन जागेची नासधूस झाली ती झालीच. तेव्हा आयरिश कवी येट्स, स्वातंत्र्य चळवळीतल्या मॉड गॉन अशी मोठी माणसं विरोधाला उभी राहिली. हे सगळं त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून ऐकायचं आणि मग खाली बघायचं. कोणत्या पाटीवर हे कळणार होतं आम्हाला?

न्यूग्रेंजच्या प्राचीन थडग्यात निदान गाईडशिवाय आत सोडतच नाहीत ते बरंय. तिथे थेट गाडी घेऊन जाता येत नाही, व्हिजिटर सेंटरवरून त्यांच्या बसनेच जावं लागतं आणि तिकीट आधीच काढावं लागतं, आमच्या टूरवाल्यांनी काढलं नव्हतं, "बाहेरून दिसतं छान" म्हणाले. मी आणि बायको नंतर एक दिवस डब्लिनहून आमचे आम्ही गेलो. साधारण इसवी सनपूर्व 3200 चं बांधकाम, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्या आधीचं. एकोणीस मीटरचा दगडी बोळ, काही ठिकाणी अंग चोरून, वाकून, तिरकं होऊन जावं लागतं, पाठीवरची बॅग पुढे घ्यायला लावतात कारण दगडांवर कोरीव काम आहे. चालताना कळत नाही पण जमीन हळूहळू चढत जाते, आणि तिथेच सगळी गंमत आहे. आतल्या खोलीची जमीन दाराच्या वरच्या झरोक्याच्या पातळीला येते, म्हणून वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, म्हणजे 21 डिसेंबरच्या आसपास, उगवत्या सूर्याचा उजेड दारातून नाही तर त्या झरोक्यातून थेट आत मागपर्यंत पोचतो आणि सतराएक मिनिटं टिकतो. 1967 साली तिथे उत्खनन करणाऱ्या प्राध्यापक ओ'केलींनी तो आधुनिक काळात पहिल्यांदा आत बसून पाहिला. आता त्या दिवसांसाठी चक्क लॉटरी असते, हजारो अर्ज येतात, आणि नंबर लागला तरी ढग असले की गेलं. बाकीच्या दिवशी आतले दिवे बंद करून तो उजेड विजेच्या दिव्याने दाखवतात. खोटा आहे हे माहीत असूनही कुणी बोलेना. मग गाईडने वर बघायला सांगितलं, दगडावर दगड पुढे सरकवत रचलेलं छत, चुना नाही काही नाही, आणि आत पाणी गळत नाही, कारण वरच्या दगडांना पाणी बाजूला जायला पन्हळी कोरल्यात. त्या पन्हळी आतून दिसत नाहीत, सांगितल्या म्हणून कळल्या. बाहेरची ती चकचकीत पांढरी गारगोटीची भिंत मात्र विसाव्या शतकात पुन्हा उभी केलेली आहे आणि ती मुळात अशीच होती का यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, आमच्या गाईडने हेही मोकळेपणाने सांगितलं, कॅसलवाल्यांनी जिन्याबद्दल असं कधी नाही सांगितलं.

रॉक ऑफ कॅशेल, म्हणजे खडकावरचा तो जुना वास्तुसमूह, तुमच्या लेखात कॅसलच्या यादीत टाकलाय, लांबून दिसतो तसाच, पण 1101 मध्येच तिथल्या मन्स्टर प्रांताच्या राजाने तो चर्चला देऊन टाकला होता. तिथेही सांगणारा हवाच, कारण तिथली कथा भारी आहे, सेंट पॅट्रिक राजाला बाप्तिस्मा देत असताना त्यांच्या काठीचं टोक चुकून राजाच्या पायात घुसलं आणि राजा बिचारा विधीचाच भाग असेल म्हणून गप्प उभा राहिला.

अजून एक, या जागा तिथल्या लोकांच्या दृष्टीने संपलेल्या नाहीत. टाराला काटेरी झाडांना नवसाच्या चिंध्या बांधलेल्या दिसतात, क्लेअर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) 1999 मध्ये परींचं म्हणून मानलेलं एक झुडूप वाचावं म्हणून हायवेचा आराखडा बदलायला लावला लोकांनी. आणि दुसरीकडे लिया फॉलवर 2012 मध्ये कुणीतरी हातोडा चालवला, 2014 मध्ये रंग ओतला. आमच्याच ग्रुपमधले एक काका त्या दगडाला टेकून सेल्फी घेत होते आणि एकांनी झाडाला प्लॅस्टिकची रिबन बांधली, कुणी अडवलं नाही कारण अडवणारा गाईड बसमध्ये बसून होता.

तेव्हा वाचकांना सांगावंसं वाटतं, पैसे भरायच्या आधी टूरवाल्याला स्पष्ट विचारा की न्यूग्रेंज आतून आहे की बाहेरून, आणि टाराला स्थानिक गाईड आहे का, उत्तर लेखी घ्या. आणि आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा, हेही लेखात यायला हवं होतं. न्यूग्रेंजचं तिकीट नाहीच मिळालं तर त्याच मीथ काउंटीत लाफक्रूच्या टेकड्या आहेत, तिथेही तशीच प्राचीन थडगी आहेत, चढ जरा दमवतो, पाऊस झाला की घसरडं होतं, पण गर्दी कमी असते आणि वरून बरीच लांबपर्यंतची मोकळी जमीन दिसते.

आपला,
एक नियमित वाचक