सोरपोतेल आधीच कर, तळायचे फुगे मात्र त्याच सकाळी

ठाणे,
आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय बाय,

यंदाचा नाताळ खारघरला तुझ्या घरी, हे वाचून फार आनंद झाला. दिरांचं म्हणणंही वाचलं, की पाहुण्यांपुढे सगळं ताजं हवं, आदल्या दिवशीचं काही नको. तू विचारतेस, काय करू? अगं, सगळं आधी उरकायचं की सगळं त्या दिवशी, असा सरसकट निर्णय करूच नकोस. पदार्थापदार्थाने ठरव. काही पदार्थ थांबले की चढतात, काही थांबले की पडतात.

दिरांना एक आठवण कर. ज्या बाटली मसाल्यावर हे सगळं जेवण उभं आहे, तो एप्रिल-मेच्या उन्हात झालेला असतो. वाळवलेला, भाजलेला, कुटलेला, आणि उजेड लागू नये म्हणून बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला. म्हणजे आपल्या ईस्ट इंडियन, मुंबई-ठाणे-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या स्वयंपाकाला उन्हाळ्यातच हात लागतो.

सोरपोतेल, म्हणजे आपलं पोर्क-कलेजीचं आंबट कालवण, तू 22 तारखेलाच कर. यात मी अजिबात मागे हटणार नाही. पोर्क आणि कलेजी मोठ्या तुकड्यांत अर्धवट उकडून घे, पाणी फेकू नकोस, आणि पूर्ण गार झाल्यावरच कापायला बस. गरम मांस सुरीखाली फाटतं, गार झालेलं नीट कापलं जातं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं बारीक. मग ते त्याच्याच चरबीत परतायचं, मसाला, राखून ठेवलेलं पाणी, आणि मग व्हिनेगर. त्या संध्याकाळी चाखशील तर व्हिनेगर वेगळं आणि मांस वेगळं लागेल, नाकात जाईल. घाबरू नकोस, साखर घालून सावरायला जाऊ नकोस. तिसऱ्या दिवशी तोच आंबटपणा मांसाच्या आत गेलेला असतो, मसाल्याचा कच्चा वास गेलेला असतो, आणि फ्रिजमधून काढल्यावर वर चरबीचा पांढरा थर बसलेला दिसतो. तो थर दिसला की समज, जमलं. 25 तारखेला केलेलं सोरपोतेल कितीही ताजं असलं तरी त्याला ही चव येणं शक्य नाही. इंद्यालचा तिखट-आंबट रस्सा आणि बदकाची मोयली, दोन्हींत व्हिनेगर आहे, तीही 23 ला करून टाक.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घे, ॲल्युमिनियमचं नको, व्हिनेगर त्याला खातं. पूर्वी फ्रिज नव्हते तेव्हा आजी रोज एकदा भांडं उकळून ठेवायची आणि ते टिकायचं, कारण आंबटात जंतू सहजी वाढत नाहीत. पण आपले डिसेंबरचे दिवस गार म्हणायचे तेवढेच, दुपारी तिशी गाठतात. तू शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेव, पसरट डब्यांत काढून, म्हणजे लवकर निवेल. वाढायच्या वेळी लागेल तेवढंच काढून खळखळून उकळी आण. सगळं भांडं पुन्हापुन्हा तापवत बसू नकोस.

केकची फळं भिजत घातली नसशील तर आज घाल. वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटला जा, काळ्या मनुका आणि काजू तिथे चांगले मिळतील. रममध्ये दहा-बारा दिवस मिळाले तरी पुष्कळ आहेत. गोडाचे कुलकुल आणि नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आदल्या आठवड्यात. कुलकुलांना मात्र एकटी बसू नकोस. मुलांच्या हातात एकेक काटा दे, पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायला त्यांना मोठ्यांपेक्षा चांगलं येतं. शेजाऱ्यांची ताटंही याच डब्यांतून भरायची आहेत. दिवाळीचा फराळ ज्या घरांतून आला, त्या घरांत आपली मिठाई गेलीच पाहिजे.

आता त्या दिवशीचं. इथे दिरांचं शंभर टक्के खरं. भात आदल्या रात्री शिजवून ठेवू नकोस. बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात, त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पुलावाचा कांदा हवा तर 24 ला तळून डब्यात भर, तांदूळ सकाळीच. रोस्टचं चिकन गोठवलेलं आणलंस तर ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू दे, दोन किलोला एक अख्खा दिवस धर. 24 च्या संध्याकाळी मसाला चोळ, ओव्हनमध्ये 25 लाच घाल. जेवणाआधी पाऊण तास ओव्हन मोकळा राहील असं बघ, बाकीचं गरम करायला.

आणि फुगे, आपले तळलेले गोल पाव! मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्ट, पूर्वी यीस्टच्या जागी ताडी असायची. पीठ पहाटे भिजव. थंडीत ते सावकाश फुगतं, म्हणून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात झाकून ठेव. तळायला जेवणाच्या अर्धा तास आधी बस. मुठीत पीठ घेऊन अंगठ्याजवळून पिळायचं, गोळा तेलात पडतो, टम्म होतो आणि वळवायच्या आधीच स्वतः कुशीवर होतो. ते बघायला सगळं घर स्वयंपाकघराच्या दारात येतं. कालचा फुगा चिवट. त्याच्यासाठी सोरपोतेलही थांबायला तयार आहे, म्हणूनच ते आधी करायचं.

बाय, मी हे एवढं कळकळीने का सांगते, तुला ठाऊक आहे. माझ्या आईला नाताळच्या दुपारी आम्हा सगळ्यांबरोबर टेबलाला बसलेली मी पाहिलीच नाही. आमच्याकडेही सगळं ताजं हवं असायचं. मध्यरात्रीच्या मिस्साहून आम्ही सेंट जॉन चर्चमधून तलावपाळीवरून गप्पा मारत घरी यायचो, आणि ती साडी बदलून थेट गॅसकडे. तिचं ताट सगळ्यांचं झाल्यावर, गार. तिला कुणी थांबवलं नाही, कारण चव सगळ्यांना आवडायची. तुझ्या घरी तसं होऊ द्यायचं नाही. 25 तारखेला तुझ्या वाट्याला भात, ओव्हन आणि फुगे, एवढंच राहिलं पाहिजे, आणि त्यातलं तळण दिरांकडे द्यायचं. ताजं त्यांना हवं आहे, झारा त्यांच्याच हातात शोभेल, आणि मला खात्री आहे, त्यांना ते आवडेल.

मी 22 ला सकाळच्या ठाणे-पनवेल लोकलने येते. कापाकापीला दोघी बसू. ताडीचं व्हिनेगर माझ्याकडचं आणते, बाजारातलं घेऊ नकोस, आणि बाटली मसालाही यंदाचाच आणते. पोर्क मात्र आदल्या दिवशी आणून ठेव, चरबी काढून टाकू नकोस म्हणावं खाटकाला. किती माणसं आहेत ते नक्की कळव, आणि तुझं मोठं पातेलं किती लिटरचं आहे तेही, नाहीतर आमचं घेऊन येईन.

तुझीच,
ठाण्याची मैत्रीण