‘फोडा आणि पुन्हा पाठवा’ हा सल्ला अर्धाच आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खेळाडूंच्या कार्डांवरचा लेख वाचला. बेसबॉल-बास्केटबॉलची कार्डं जमवणाऱ्यांच्या छंदाला मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं, याचा आधी आनंदच झाला. मग शेवटची चौकट वाचली. ‘नऊ ग्रेड आलेलं कार्ड दहाच्या जवळचं वाटत असेल तर खोकं फोडा आणि पुन्हा पाठवा’ असा सल्ला तिथे आहे आणि त्याला कमी जोखमीची गुंतवणूक म्हटलं आहे. (नवख्यांसाठी: ग्रेड देणाऱ्या कंपन्या कार्ड तपासून त्याला दहापैकी आकडा, म्हणजे ग्रेड, देतात आणि त्या आकड्याची चिठ्ठी लावून कार्ड प्लॅस्टिकच्या खोक्यात बंद करतात. ते खोकं फोडून कार्ड पुन्हा तपासायला धाडायचं, असा हा सल्ला.) यातली जोखीम कमी होत नाही, ती फक्त पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात जाते. ती कशी, ते लेखात आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

मी नोकरीची सगळी वर्षं छापखान्यात कटिंग मशीनवर काढली. त्यामुळे कार्ड हातात आलं की खेळाडूच्या आधी मला कड दिसते. टॉप्स कंपनी १९८० च्या सुमारास एका तावावर १३२ कार्डं छापायची. १९५७ पासून त्यांच्या कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच असं ठरून गेलं आहे. आता, तावांचा गठ्ठा पात्याखाली गेला की वरचा ताव आणि तळचा ताव अगदी एकाच रेषेत कापला जाईल, अशी हमी कुठलाही कारागीर देणार नाही. दाबाने गठ्ठा किंचित सरकतो आणि पात्याची धार उतरलेली असेल तर तळाकडे ते ओढलं जातं. त्यात छपाईच रजिस्टरला, म्हणजे ठरलेल्या जागी, नीट बसलेली नसेल तर चित्र आधीच तिरकं असतं. म्हणजे कार्ड पाकिटात जाण्यापूर्वीच त्याचं नशीब बरंचसं ठरलेलं असतं.

आणि हा फरक असतो केवढा? पीएसए ही ग्रेड देण्याच्या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. तिच्या नियमात दहासाठी पुढच्या बाजूचं सेंटरिंग, म्हणजे समोरासमोरच्या किनारींचं प्रमाण, साधारण ५५/४५ च्या आत लागतं, नऊसाठी साधारण ६०/४० चालतं. समजा, डावी-उजवी मिळून पांढरी किनार ६ मिलिमीटर आहे. ५५/४५ म्हणजे एका बाजूला ३.३ आणि दुसऱ्या बाजूला २.७. ६०/४० म्हणजे ३.६ आणि २.४. दहा आणि नऊ यांच्यामध्ये पातं सरकलं ते ०.३ मिलिमीटर. कागदाच्या धंद्यातला माणूस एवढ्या फरकाला फरक म्हणत नाही. पण फ्लीअर कंपनीचं १९८६ चं मायकेल जॉर्डनचं, दहाची चिठ्ठी लागलेलं कार्ड २०२१ च्या जानेवारीत ७,३८,००० डॉलरला गेलं. नऊच्या चिठ्ठीचं तेच कार्ड त्या किमतीच्या जवळपासही जात नाही. पीएसएने २००८ साली अर्धे ग्रेड आणले, पण ते साडेआठपर्यंतच. नऊ आणि दहा यांच्यामध्ये पायरीच नाही. बेकेट या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीकडे साडेनऊ आहे, सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे वेगवेगळे गुणही मिळतात, त्यामुळे कार्ड कुठे कमी पडलं ते मालकाला निदान कळतं. पीएसएच्या चिठ्ठीवर एकच आकडा असतो. शंका मग मनातच राहते आणि माणूस पक्कड शोधायला लागतो.

मोजता येतं ते सेंटरिंग. कोपरा किती टोकदार, चकाकी किती शाबूत, हे डोळ्यांनीच ठरतं, आणि डोळे सकाळी एक सांगतात, संध्याकाळी दुसरं. यात ग्रेडरला दोष देण्यासारखं काही नाही. माझ्याकडे १९८० च्या टॉप्सचं, बेसबॉलपटू रिकी हेंडरसनचं कार्ड आहे. ते आधी आठ होतं. मागच्या मालकाने ते फोडून पुन्हा त्याच कंपनीकडे धाडलं आणि सात होऊन परत आलं. वैतागून त्याने मला स्वस्तात दिलं. मी भिंग घेऊन बसलो, जुन्या आठच्या खोक्यातल्या फोटोशी ताडून पाहिलं, नवा ओरखडा नाही, कोपरा दबलेला नाही, कार्ड जसंच्या तसं. सातच्याच खोक्यात ते आजही आहे. मी ते पाठवणार नाही, कारण मला ते विकायचं नाही.

आता हिशेब. समजा, एखादं कार्ड अगदी काठावरचं आहे आणि दर खेपेला त्याला दहा मिळण्याची शक्यता चारात एक आहे. एकदाच पाठवलं तर २५ टक्के. चारदा पाठवायची तयारी असेल तर निदान एकदा दहा मिळण्याची शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. कार्ड तेच, कड तीच, शाई तीच. वाढली ती फक्त मालकाची चिकाटी आणि शुल्काचा खर्च. यातला खरा डाव असा की दहा मिळालं की माणूस थांबतो. दहाचं कार्ड फोडून ‘बघा बरं, नऊ तर नाही ना’ असं विचारणारा संग्राहक मी अजून पाहिलेला नाही. उत्तरपत्रिकेच्या फेरतपासणीला नापास झालेला मुलगा अर्ज करतो, पहिला आलेला करत नाही, तसंच हे. त्यामुळे चुकून कमी मिळालेले ग्रेड हळूहळू दुरुस्त होत जातात आणि चुकून जास्त मिळालेले तिथेच बसून राहतात. जास्त ग्रेडची भरपाई देण्याची हमी पीएसए देते, हे खरं. पण ती मागायला जाणार कोण? ज्याच्या तिजोरीत दहा आहे, तो तर नक्कीच नाही.

या खेळाने आणखी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे पॉप रिपोर्ट. कोणत्या कार्डाला कोणता ग्रेड किती वेळा दिला, याची कंपनीने ठेवलेली ही यादी. खरेदी करणारा तीच उघडून बसतो. वर म्हटलेलं कार्ड तीनदा नऊ आणि चौथ्यांदा दहा झालं, तर यादीत चार नोंदी पडतात. फोडलेल्या खोक्यांतल्या चिठ्ठ्या कंपनीला परत पाठवल्या की जुन्या नोंदी काढता येतात, पण ते कष्ट घेणारे थोडे. तीन नऊ आणि एक दहा असं वाचणारा समजतो की या कार्डात दहा मिळणं कठीण, चारात एकच. प्रत्यक्षात जगात कार्ड एकच आहे आणि त्याची चिठ्ठी दहाची आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा पाठवण्याने दहांची संख्या वाढते आणि कागदावर मात्र दहा दुर्मीळ दिसतो. दोन्हीकडून फायदा विकणाऱ्याचाच. अपर डेक कंपनीच्या १९८९ च्या, बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरच्या कार्डासारख्या कार्डाला दहा मिळालेले हजारो आहेत, तिथे शंभर-दोनशे भुताच्या नोंदींनी काही अडत नाही. जिथे दहा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात, तिथे नऊच्या रांगेतल्या पाच खोट्या नोंदीसुद्धा भाव फिरवतात.

चिठ्ठी एकदा लागली की ती किती घट्ट बसते, हे पीएसएच्या पहिल्याच कार्डावरून कळतं. जुन्या काळचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचं टी-२०६ या मालिकेतलं कार्ड १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरला घेतलं. पीएसएने ग्रेड केलेलं ते पहिलं कार्ड. ग्रेड आठ. पुढे २०१३ मध्ये कार्डांचा लिलाव करणारा बिल मास्ट्रो याने न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला अंकी ग्रेड मिळत नाही, हा पीएसएचाच नियम. तरी ते कार्ड आठ म्हणूनच ओळखलं जातं. कटिंगवाला म्हणून मला या कहाणीत विशेष रस आहे, हे उघड आहे. १९७९ चं ओ-पी-ची कंपनीचं ग्रेट्स्कीचं कार्ड पाहा. त्या कॅनडातल्या कार्डांची कड मुळातच खडबडीत यायची. तिथे गुळगुळीत, रेघ मारल्यासारखी कड दिसली की जाणकार आधी दचकतो. नवशिक्या मात्र तीच कड बघून खूश होतो.

फोडण्याच्या जोखमीबद्दल लेखात एक ओळ आहे, ‘काळजीपूर्वक उघडावे’. उघडावे! ती खोकी उघडण्यासाठी बनवलेलीच नसतात. दोन्ही अर्धे कडेने एकमेकांत वितळवून जोडलेले असतात. पक्कड घेऊन वरचा कोपरा कातरायचा, मग फटीत पातळ काहीतरी घालून तोडत जायचं. प्लॅस्टिक तडकतं ते आपल्याला हवं तिथे नाही, आणि तुटलेलं टोक कार्डाच्या चकाकीवरून एकदा फिरलं की दहा सोडा, नऊही गेला. त्याहून वाईट म्हणजे, नऊच्या खोक्यात सुखरूप असलेलं कार्ड दुसऱ्या ग्रेडरला मापात कमी किंवा कडेला कापलेलं वाटलं, तर ते ग्रेडशिवाय परत येतं. मग जुनी चिठ्ठी हातात धरून कितीही सांगा, ते कार्ड आता मोकळं कार्ड असतं. उलट ग्रेड खरोखर वाढला, तर कार्डाची किंमत वाढली म्हणून कंपनी वरच्या दराचं शुल्क लावते. हाही खर्च लेखातल्या कोष्टकात धरलेला दिसत नाही.

पुन्हा पाठवणं म्हणजे लबाडीच, असं मी म्हणत नाही. मालकाचं कार्ड आहे, दुसरं मत घ्यायचा त्याला हक्क आहे. काही वेळा कारणही चोख असतं. पृष्ठभागावर बोटाचा ठसा असतो, किंवा जुनी कार्डं ज्यात यायची त्या च्युइंगगमच्या पाकिटाचं मेण पाठीवर लागलेलं असतं. जुने संग्राहक ते मेण नायलॉनच्या मोज्याने हलकेच पुसतात. ते चालेल की नाही यावर आमच्यात तावातावाने वाद होतात (मला चालतं). रसायन लावलं, रंग भरला, दाबून सुरकुती सपाट केली, की मात्र ती छेडछाड झाली. २०१९ मध्ये संग्राहकांनीच जुन्या लिलावांतले फोटो नव्या खोक्यांतल्या फोटोंशी ताडून, मधल्या काळात कडा आणि कोपरे सुधारलेली कितीतरी कार्डं उघडकीला आणली. फोडून पुन्हा पाठवण्याच्या वाटेनेच ती आत शिरली होती. ती वाट उघडीच आहे, तर तिच्यावर निदान दिवा असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तो दिवा लावणं आता अवघड राहिलेलं नाही. पीएसएची मूळ कंपनी कलेक्टर्स हिने २०२१ मध्ये जेनामिंट ही कंपनी विकत घेतली. तिचं तंत्रज्ञान स्कॅनवरून त्या विशिष्ट कार्डाची ओळख पटवतं, म्हणजे तेच कार्ड पुन्हा आलं तर ते कळतं. छपाईत दोन कार्डं कधीच सारखी नसतात. शाईचा एखादा ठिपका, पुठ्ठ्याचा तंतू, कडेचा कोन यात कुठे ना कुठे वेगळेपण असतंच. आपल्या मशीनवरचा माल आम्ही नुसत्या कडेवरून ओळखायचो, संगणकाला ते जमणारच. प्रमाणपत्राचा क्रमांक टाकला की आज ग्रेड आणि फोटो दिसतो. त्याच पानावर ‘हे कार्ड यापूर्वी नऊ म्हणून ग्रेड झालं होतं’ अशी एक ओळ छापावी आणि जुन्या नोंदी यादीतून आपोआप काढाव्यात. ज्याला दहाचे पैसे मोजायचे आहेत त्याने ते सगळं वाचून मोजावेत. काही जण म्हणतील की मग पुन्हा पाठवणारे कमी होतील आणि कंपन्यांचं शुल्क बुडेल. मला वाटतं, ही ओळ अजून छापली जात नाही याचं कारणही तेच असावं.

शेवटी लेखकांना एक विनंती. चौकटीत त्यांनी रिव्ह्यू आणि क्रॉसओव्हर एकच असल्यासारखं लिहिलं आहे. ते वेगळे आहेत. रिव्ह्यूला कार्ड त्याच कंपनीकडे तिच्याच खोक्यातून जातं, ग्रेड वाढण्याजोगा वाटला तर वाढतो, नाहीतर कार्ड आहे तसं परत येतं. क्रॉसओव्हरला एका कंपनीच्या खोक्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीकडे जातं आणि किमान कोणता ग्रेड मान्य ते आधी लिहून द्यायचं असतं. तेवढा ग्रेड मिळाला नाही तर कार्ड जुन्याच खोक्यात परत येतं आणि शुल्क जातं. दोन्हीत पक्कड लागत नाही. नवीन वाचकाने हातात पक्कड घेण्याआधी निदान एवढं वाचलेलं असावं, म्हणून पुढच्या रविवारी ही दुरुस्ती छापावी.

आपला,
छापखान्यातून निवृत्त झालेला एक वाचक